आयोनीबाईंची पेटी आणि पेलिकन फंड

मित्रांनो, मी एक जुनी टपालपेटी आहे. कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटावर, जॉर्जटाउनच्या टपाल कार्यालयाच्या भिंतीत माझी जागा आहे. आमच्याकडे पोस्टमन दारोदार हिंडत नाही. ज्याने त्याने आपल्या पेटीला किल्ली लावावी आणि पत्रं न्यावीत. स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते.

पहिली तीस वर्षं मी आयोनी रँकिनबाईंची होते. यजमान मालवाहू जहाजावर असायचे. त्यांचं पत्र आलं की बाई माझ्यासमोरच उभ्या राहून वाचायच्या. ते दिवस आठवले की अजून भरून येतं. बाई गेल्या आणि मला एका हेज फंडाने भाड्याने घेतलं.

हेज फंड म्हणजे काय, ते मी त्यांच्या कारकुनांच्या गप्पांतून शिकले. बड्या धनवंतांचे पैसे एकत्र करायचे आणि भाव चढो की पडो, दोन्हीकडून कमाई व्हावी असे डाव मांडायचे, कधी उसने पैसे घेऊनसुद्धा. डाव साधला तर नफ्यात चालकांचा मोठा वाटा, फसला तर तोटा गुंतवणाऱ्यांचा. पैसे काढायचे तर कित्येक आठवडे आधी कळवावं लागे. माणसं न्यूयॉर्कला आणि नोंदणी आमच्या बेटावर! कायद्याने चालतं म्हणे, पण मला काही ते पचलं नाही. एक मात्र खरं, गरिबाच्या फोनवर ते कधी पैसे मागायला आले नाहीत.

ते गेले आणि पेलिकन लेज फंड आला. किल्ली घेऊन गेलेला माणूस पुन्हा फिरकलाच नाही. पाणी कुठेतरी मुरतंय हे मी तेव्हाच ओळखलं, पण पेटीचं कोण ऐकतं?

आयोनीबाईंची मुलगी ट्वायला कसावा नावाच्या कंदाचा केक विकते. आईची किनाऱ्यावरची जमीन विकून आलेले पैसे, एवढाच तिचा म्हातारपणाचा आधार. तिचा भाऊ ओरेट याने फोनवर पेलिकन शोधून काढला. महिन्याला आठ टक्के, तेही नक्की! नव्या होडीसाठी वीस वर्षं साठवलेलं सगळं त्याने आधीच तिथे घातलं होतं. आता तो बहिणीच्या मागे लागला.

"अगं, पत्ता तरी बघ," तो म्हणाला. "आपल्या आईची पेटी आहे ती. लफंगे काय आईच्या पेटीत येऊन बसतील?"

ट्वायलाला ते पटलं. माझी मान शरमेने खाली गेली असती, पण पेटीला मान कुठली?

तरी ती सावध बाई. तिने निळ्या पाकिटातून पत्र टाकलं, की वादळ आलं आणि पैसे लागले तर किती दिवसांत परत द्याल? टपालवाल्या डेल्माबाईंनी ते मागच्या बाजूने माझ्यात सरकवलं. तिथेच ते पडून राहिलं. ओरेटने मात्र पेलिकनवाल्यांना फोनवरून कळवलं, की बहिणीने पैसे परत मिळण्याबद्दल पत्र टाकलंय, आणि तिचा नंबरही दिला.

पुढच्या मंगळवारी भाऊबहीण माझ्यासमोरच उभे होते. ट्वायलाच्या फोनवर निरोप आला. तिने तो मोठ्याने वाचला, "तुमचं पत्र आज सकाळीच वाचलं, मॅडम. पैसे केव्हाही परत मिळतील. मात्र आज शेवटचा दिवस आहे."

"झालं समाधान? दाब आता ते पैसे पाठवायचं बटण," ओरेट म्हणाला.

तिने बोट उचललं, आणि तिची नजर माझ्या दारातल्या छोट्या काचेवर गेली. आत निळं पाकीट होतं. तिचंच अक्षर, आणि चिकटवलेलं तोंड जसंच्या तसं.

तिने डेल्माबाईंना हाक मारली. त्या खिडकीतून म्हणाल्या, "मिस ट्वायला, दुसऱ्याच्या टपालाबद्दल मला बोलता येत नाही. पण तुमच्या डोळ्यांना कोणी मनाई केलेली नाही."

"हे पत्र कोणी वाचलं रे, ओरेट?" ट्वायलाने विचारलं. "पेटीने?"

ओरेट वाकून बराच वेळ बघत राहिला. मग बाहेर जाऊन पायरीवर बसला. ट्वायलाने फोन पिशवीत टाकला आणि त्याच्याजवळ जाऊन बसली.

मित्रांनो, ऑनलाइन पैसे गुंतवण्याआधी परवाना असलेल्या कंपन्यांच्या सरकारी यादीत त्या कंपनीचं नाव स्वतः शोधा, त्यांनी पाठवलेल्या दुव्यावरून नव्हे. नक्की नफा आणि आजच शेवटचा दिवस, हे शब्द ऐकले की हात मागे घ्या. नुसत्या पत्त्यावर भुलू नका. पत्ता भाड्याने मिळतो.

ओरेट अजून रोज सकाळी येतो. कोणी येऊन पत्रं नेली का, ते काचेला डोळा लावून बघतो. कोणी येणार नाही, हे मला त्याला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.