फोटोत काय दिसतं

बेवारस मृतदेहांची ओळख पटवायचं पोलिसांचं वेबपान अंधांनाही वापरता येतं का, हे ताईने तपासायचं होतं. ती स्वतः जन्मांध. गेल्या खेपेला संगणक प्रत्येक फोटोवर नुसतं "फोटो" एवढंच बोलला, तेव्हा तिने साहेबांना फैलावर घेतलं होतं. "नुसत्या पाट्या टाकू नका. फोटोत काय दिसतं ते लिहा."

आज त्यांनी लिहिलं होतं. संगणक वाचू लागला, "पुरुष, तिशीतला. पांढरा शर्ट, फाटका खिसा हिरव्या दोऱ्याने शिवलेला."

खिसा तिनेच शिवला होता. दोरा हिरवा निघाला म्हणून भाऊ पोट धरून हसला होता, आणि तोच शर्ट घालून जो बाहेर पडला तो परत आलाच नव्हता.

"आता कळतंय ना नीट?" साहेबांनी विचारलं.

"कळलं," ती म्हणाली.