खालची कडी

या, अंमळ जवळ सरका, चुलीपाशी जागा आहे. एका दाराची गोष्ट सांगतो, आणि त्या दारापायी गेलेल्या एका आवाजाची. सांगता सांगता माझा सूर चढला तर चढू द्या. ही गोष्ट मला शांतपणे सांगता येत नाही, आणि यायलाही नको.

आमचे फादर कोलोमान प्रवचन बोलत नसत, गात. आधी वचन सांगायचे, मग त्यातला एखादा शब्द उचलून त्याला सुरांवर असा झुलवायचे की मागच्या बाकावर पेंगणारा गवळीसुद्धा ताठ बसे. छत्तीस वर्षं मी लोकांना हिमनद्यांवरून वाट दाखवत नेलं, पण रविवारी ते गाऊ लागले की वाटाड्या ते आणि मागून चालणारा मी. देवाचं नाव माझ्या कानातून आत गेलं ते त्यांच्या गळ्यातून.

त्यांची आई डोंगरापलीकडच्या खोऱ्यात राहते. वय एक्याण्णव. लेक पाद्री झाला, गातो म्हणतात, एवढंच तिला ठाऊक. तिनं ते कधी ऐकलं नव्हतं. त्या वर्षी मार्चमधल्या सेंट जोसेफच्या सणाला तिच्या चर्चमध्ये प्रवचन करायचं बोलावणं फादरना आलं.

"मोटारीनं तीन तास लागतात," मी म्हटलं.

"मोटारीनं येणाऱ्याला आई पाहुणा समजेल रे," फादर म्हणाले. "मी सात वर्षांचा असताना बाबांनी मला हिमनदीवरून या खोऱ्यात आणलं. त्याच वाटेनं परत जायचंय. नेतोस का, कासिआन?"

ते चौसष्ट वर्षांचे, पण स्कीवर माझ्यापेक्षा हलके. मी हो म्हटलं. आमच्या चर्चचा ऑर्गन वाजवणारी वेफी तिसरी. बाई दणकट, जीभ त्याहून दणकट.

फेब्रुवारीभर माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरलेला होता. तीन दिवस, दोन निवारे. दर दिवसाला एक दुसरी वाट पेन्सिलीनं काढलेली, आणि दर दिवशी परत फिरायची वेळ लाल शाईनं. तीव्र उतार सकाळी दहाच्या आत पार करायचे, ऊन लागलं की तिथं पाऊल नाही. हिमनदीवर पहिल्या पावलापासून दोर. छातीशी बर्फाखाली गाडलेल्याचा माग देणारं शोधयंत्र, पाठीवर फावडं.

वेफीनं नकाशा पाहिला. "कासिआन, तू लग्नाला निघालास तरी पळून जायची वाट आधी आखून ठेवशील."

"म्हणूनच लग्न झालं नाही."

"झालं नाही की त्या वाटेनं नवरीच पळाली?"

फादर हसता हसता ठसकले. माझं बोट मात्र ग्राउकारच्या निवाऱ्यावर होतं. तिथला राखणदार जुलैपर्यंत येत नाही, फक्त हिवाळी खोली उघडी असते. आठ जणांपुरती फळ्यांची अंथरुणं, घोंगड्या, लोखंडी शेगडी, लाकडं. कुलूप नसतंच. आमच्याकडची रीत अशी की जाणाऱ्यानं राख काढायची, बारीक काड्या फोडून शेगडीत रचून ठेवायच्या, म्हणजे पुढचा गारठलेला माणूस आला की त्यानं फक्त काडी ओढायची. मग दाराची वरची कडी घालायची, आणि वाकून खालचीही. खालची राहिली की वारा फट शोधतो, आणि त्या फटीतून पिठासारखा बर्फ खोलीभर होतो. तुकडीचा म्होरक्या सगळ्यांत शेवटी निघतो, तो याच कडीसाठी.

माझ्या सगळ्या दुसऱ्या वाटा त्या खोलीपाशी येऊन मिळत होत्या.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आम्ही खिंडीत होतो. परत फिरायची वेळ अकराची. वादळ संध्याकाळी येणार असा अंदाज होता, ते तिथंच तोंडावर आलं. मागच्या उतारावर वारा ताजा बर्फ रचत होता, तिकडं वळणं म्हणजे हिमलोटाला हाक मारणं. पुढं सपाट हिमनदी, दीड तासावर ग्राउकार. अशा वेळी काय करायचं ते नकाशावर आधीच लिहिलेलं होतं. आम्ही पुढं निघालो.

धुक्यात दोराचं दुसरं टोक दिसेना. मी पुढं, मध्ये फादर, मागं वेफी. फादर गाऊ लागले. मधला माणूस गात राहिला की पुढच्याला आणि मागच्याला कळतं, सगळे आहेत. दीड तासाचे अडीच तास झाले आणि ते सगळा वेळ त्या वाऱ्याला तोंड देऊन गात होते. मी त्या आवाजाला पाठ लावून चाललो. एवढं निर्धास्त मला चर्चमध्येही कधी वाटलं नाही.

निवारा दिसला तेव्हा वेफी ओरडली, "फादर, आता पुरे! शेगडी पेटली की पुढचं गा!"

दार टीचभर उघडं होतं. वरची कडी वाऱ्यानं निसटलेली, खालची घातलेलीच नव्हती.

मी खांदा लावला. हलेना. ते आतल्या बाजूला उघडतं, आणि आत बर्फ घट्ट बसला होता, वरच्या फळीपर्यंत. फटीतून फावडं घालून आम्ही आलटूनपालटून खणलं. फादरना बसा म्हटलं तर म्हणाले, "बसू कशावर? तू बाक आणलायस का?" ते घामानं भिजेपर्यंत खणत राहिले, आणि तो घाम त्यांच्या अंगावरच गोठला. दोन तासांनी तिघं दाटीवाटीनं मावतील एवढी जागा झाली. लाकडं सापडली ती बर्फात रुतलेली, ओली. शेगडीत काड्या नव्हत्या, जुनी राख होती. धुराडं बर्फानं बुजलेलं. घोंगड्या फळ्यांसारख्या कडक. विस्तव झाला नाही तो नाहीच.

पत्र्याच्या पेटीत नोंदवही तेवढी कोरडी होती. शेवटची नोंद पाच दिवसांपूर्वीची. "उत्तम मुक्काम. आठ जण. सर्व काही सुरक्षित." खाली सही एगिडिउस श्राटची, आमच्या खोऱ्यातल्या पर्वत मंडळाच्या सहलप्रमुखाची. सहीखाली रेघ ओढायला वेळ होता हो त्याला! खाली वाकायला नव्हता.

सकाळी आभाळ उघडलं आणि हेलिकॉप्टर आलं. फादरच्या फुप्फुसांना सूज आली होती. इस्पितळात बारा दिवस त्यांच्या घशात श्वासाची नळी होती. जीव राहिला. नळी काढल्यावर त्यांनी तोंड उघडलं तर वाळक्या पानावर पाय पडावा तेवढाच आवाज. डॉक्टरांनी मान हलवली. गळा परत यायचा नाही.

मे महिन्यात मंडळाची सभा भरली. एगिडिउसचं व्याख्यान होतं, सुरक्षित भ्रमंतीच्या नियोजनावर. पडद्यावर त्यानं माझीच वाट दाखवली. म्हणाला, "चौसष्ट वर्षांचा माणूस, अनिश्चित हवा. कासिआनभाऊंचा अनुभव आम्ही मानतो, पण नियोजनात चूक झाली."

मी उठलो. नोंदवही बरोबर आणली होती. त्याची नोंद वाचली, तारीख वाचली, सही वाचली.

"खालची कडी कुणी लावली, एगिडी?"

"आम्ही आठ जण होतो," तो म्हणाला. "शेवटी कोण बाहेर पडलं, आता कसं सांगणार?"

"म्होरक्या कोण होता?"

"मी. पण मी पुढं जाऊन उतार तपासत होतो. सुरक्षिततेसाठीच!"

मागं कुणीतरी हसलं. मी वही डोक्यावर उचलली. मी फेकणार होतो ती, खोटं कशाला सांगू? आठ माणसं! आठांच्या पाठीला पिशव्या होत्या, आठांच्या पायांत बूट होते, आणि वाकायला एक पाठ नव्हती! आणि चूक माझ्या नकाशाची?

तेवढ्यात पहिल्या रांगेतून फादर उठले. त्यांचे ओठ हलले. ऐकू येईना म्हणून सगळं सभागृह पुढं वाकलं.

"एगिडी," ते कुजबुजले, "वर जा बाळा. काड्या फोडून ठेव."

एगिडिउसनं मान खाली घातली. पण गेला नाही. जूनमध्ये कुऱ्हाड घेऊन वेफी गेली. धुराडं झाडून, काड्या रचून आली.

त्याच जूनमध्ये मी फादरना मोटारीनं त्यांच्या आईकडं नेलं. म्हातारीनं क्नोडेल, म्हणजे पावाचे गोळे, उकडून ठेवले होते. लेकाला समोर बसवून म्हणाली, "आता गा."

त्यांनी गळ्याकडं बोट केलं. "आई, गळा बसलाय गं," असं कुजबुजले. तिला ऐकू आलं नाही. तिनं हात मांडीवर घेतले आणि वाट पाहत बसली, चर्चमध्ये बसावं तशी. फादरनी तिचा हात उचलून आपल्या गळ्यावर ठेवला आणि ओठ हलवू लागले. सगळं प्रवचन त्यांनी तसं केलं. मी दारात उभा होतो, एक अक्षर ऐकलं नाही, आणि अश्रू आवरता आले नाहीत.

फादरनी एगिडिउसला क्षमा केली. देवही करेल, त्याचा तो अधिकार आहे. मला अजून जमलेलं नाही, आणि चर्चमध्ये दर पापकबुलीला मी ते सांगतो. फादर जाळीपलीकडून ऐकून घेतात. रागवायलाही त्यांच्यापाशी आवाज उरलेला नाही.

तुम्ही माझं एवढंच देणं लागता समजा. कधी कुठल्या निर्जन जागेतून निघालात, कुणी पाहत नसलं आणि मागून कोण येणार ते ठाऊक नसलं, तर वाका, खालची कडी घाला, दार एकदा ओढून पाहा. आणि तेवढा वेळ फादर कोलोमानची आठवण ठेवा.