गुलाबपाण्याच्या बाटलीची बदली

मी गुलाबपाण्याची बाटली बोलतेय. निदान अंगावरच्या चिठ्ठीवर अजून तसंच लिहिलंय. हल्ली माझ्यात काय भरतात ते सांगते, पण नाक मुरडायचं नाही.

१९५६ साली कृष्णाबाईंनी मला चिकपेटेच्या बाजारातून आणलं. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात माझ्यातलं गुलाबपाणी पाहुण्यांवर शिंपडलं. मग दोन वर्षं कपाटात रिकामी बसले, तरी तोरा काही उतरला नाही.

घरधनी नरसिंहराव, कचेरीत हेडक्लार्क. रक्तदाब चढलेला, पण ऐकतील तर शपथ. पानात दोन लोणची, वर भातावर मीठ. सकाळी डोळ्यांखाली सूज आली की म्हणायचे, झोप जास्त झाली. रात्री चारदा उठावं लागलं की दोष ताकाला.

डॉक्टरांनी मात्र सुनावलं. "रक्तदाबानं मूत्रपिंडं आतल्या आत खराब होतात, दुखत नाहीत. उद्या सकाळची पहिली लघवी आणा. अजून हेमलताचं लग्न व्हायचंय ना?"

हेमलता धाकटी, बापाची लाडकी. ते वाक्य बरोबर लागलं.

घरात सोवळं कडक. असल्या कामाला कृष्णाबाई स्वयंपाकघरातलं भांडं कुठून देणार? माझी वर्णी लागली. चिठ्ठी तरी खरवडा, असं मला फार वाटलं. पण नरसिंहरावांनी ती मुद्दाम ठेवली, म्हणजे वाटेत कुणाला कळायला नको. केवढी ही हुशारी.

वाटेत चामराजपेटेत त्यांच्या मेहुण्याच्या, हयवदनच्या, मुलाची मुंज होती. अक्षता टाकून पुढे जाऊ, म्हणून ते मांडवात शिरले. अक्षता घ्यायला मला टेबलावर ठेवलं, आणि हयवदननं झडप घातली.

"भावजी, अक्कानं गुलाबपाणी पाठवलं होय? अगदी वेळेवर. आमचं संपलंच होतं."

त्यानं माझं बूच काढलं. खाली गुलाबदाणी तोंड उघडून तयार. पहिल्या रांगेत मुंज्याची आजी, आणि तिच्या शेजारी नरसिंहरावांचे साहेब, नवंकोरं जरीचं उपरणं घेऊन. माझ्या काचेला घाम फुटला.

आज सांडलं, तर हा माणूस उद्या पुन्हा बाटली घेऊन निघणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक असावं.

"हयवदना, थांब," नरसिंहराव म्हणाले. "ती माझी लघवी आहे."

मंगलाष्टकं थांबली. साहेबांनी उपरणं आवरलं. शेवटी आजीच बोलल्या, "मग लाजतोस काय? स्वल्प घट्ट बूच लाव आणि जा डॉक्टरकडे."

डॉक्टरांनी माझ्यातलं पाणी काचेच्या नळीत तापवलं. वरचा भाग नासलेल्या दुधासारखा पांढुरका झाला. "यातून प्रथिनं चाललीत," ते म्हणाले. "पण ही सुरुवात आहे. वेळेत आलात." लोणची बंद, मीठ बेताचं, गोळ्या सुरू.

आता मी न्हाणीघराच्या खिडकीत असते. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे माझी फेरी. बदली झाली खरी, पण मी खूश आहे. तुम्हालाही रक्तदाब असेल, तर एक बाटली धुऊन ठेवा. चिठ्ठी तेवढी काढा.

१९६३ साली हेमलताचं लग्न झालं. नरसिंहराव दारात उभं राहून स्वतः गुलाबपाणी शिंपडत होते. डोळ्यांखाली सूज नव्हती, आणि पाणी नव्या बाटलीतलं आहे, असं ते खिडकीत मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं सांगत होते. तरी प्रत्येक पाहुणा आधी हुंगून बघत होता.