गिरिजाबाईंनी चालवलेला प्रोग्रॅम

विजयमालाला ती नोकरी करत होती त्या गिरणीच्या कचेरीनं कोबोल ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला निवडलं, तेव्हा तिनं कॉम्प्युटर फोटोतसुद्धा धड पाहिला नव्हता. यंत्र पुण्याला. पगाराचा प्रोग्रॅम कागदावर लिहून पाठवायचा, तो तिथं एकदाच चालवणार. ज्याचा बरोबर येईल त्याला नव्या खात्यात जागा. दुसरा उमेदवार कचेरीतलाच वेणीमाधव. त्यानं आकृत्या काढायची प्लास्टिकची पट्टी आणि जाडजूड इंग्रजी पुस्तकं मागवली. विजयमालाकडं होती पेन्सिल, खोडरबर आणि धास्ती.

आपलंच लिहिलेलं तपासताना तिचे डोळे न लिहिलेलंही वाचून टाकायचे. सांगितलं तेवढंच करणारं कुणीतरी हवं होतं. मग तिनं निवडलेलं हत्यार ऐकून वेणीमाधव पोट धरून हसला. ते हत्यार म्हणजे तिच्या सासूबाई!

गिरिजाबाई पदर खोचून बसल्या. पुढ्यात रुपये म्हणून मोजायचे चिंचोके, बेरजेची वाटी आणि कामगारांच्या पगाराच्या चिठ्ठ्या.

"आत्याबाई, मी प्रोग्रॅममधलं वाचीन तेवढंच करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"बरं हाय की. डोकं चालवून तरी कुणाचं भलं झालंय?"

पहिल्या खात्याची बेरीज बिनचूक आली. दुसऱ्या खात्याचे चिंचोके मात्र त्यांनी त्याच भरल्या वाटीत टाकले.

"अहो, आधी वाटी रिकामी करायची ना!"

"तू सांगितलंस कुटं?"

विजयमालानं कागद पाहिला. खरंच लिहिलं नव्हतं. या घरात भांडं विसळल्याशिवाय परत वापरायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळे हे लिहायला लागतं हेच तिला सुचलं नव्हतं. यंत्राला कुठली आलीय सासू! तिनं ती ओळ घातली.

पुण्यात प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात चालला. जागा मिळाली, पण आधी सहा महिने पुण्यात शिकायचं होतं. तिचा मुलगा बाळू जेमतेम दोन वर्षांचा. विजयमाला रडवेली झाली. "नको म्हणून कळवते," ती म्हणाली.

"खुळी हायस का?" म्हणत गिरिजाबाईंनी माळ्यावरची ट्रंक काढली.

निघायच्या सकाळी विजयमाला सांगत सुटली. दूध कोमटच द्या, उन्हात सोडू नका, झोपताना तो कान धरतो...

"गप बस. मी काय त्ये यंत्र न्हाय. पोराचं मला सांगाया लागत न्हाय."

विजयमाला पाया पडायला वाकली. हे उपकार कशानं फिटणार, ते तिला कळेना, आणि तिला लवकर उठवेना.