कापायचे नाहीत

“कापायचे नाहीत. नुसते विंचरायचे,” यारोमीरने रोजच्यासारखं बजावलं.

“कात्री आणलीच नाहीये,” धम्मशीलेने रिकामा हात दाखवला.

कार्डिफच्या त्या केअर होममध्ये खांद्यापर्यंत केस रुळणारा हा एकच म्हातारा. वय सत्याहत्तर, पण केसांचा तोरा एखाद्या नटासारखा. धम्मशीला तिथली नर्स. छातीवरच्या बिल्ल्यावर मात्र नुसतं ‘शीला’ होतं. गोऱ्यांना पूर्ण नाव जमत नाही, असं ती सांगायची. गोऱ्यांना ते व्यवस्थित जमत होतं. पुण्यात नर्सिंगच्या होस्टेलला आडनाव कळताच खोलीतली मैत्रीण आठवड्यात खोली बदलून गेली, तेव्हापासून तिने नावाचा अर्धा भाग आणि अख्खं आडनाव झाकून ठेवलं होतं.

“आज फणी ओढतेस. राग कोणावर?”

“माझ्यावरच,” ती म्हणाली. आणखी काही सांगायची तिला लाज वाटली.

यारोमीरने विचारलं नाही. तो स्वतःचंच सांगू लागला.

“प्रागमध्ये आमचा बँड होता. मी ड्रम वाजवायचो. अडुसष्ट साली रशियन रणगाडे आले, आणि थोड्या वर्षांत फर्मान निघालं. बँडचं इंग्रजी नाव बदला, केस कापा, समितीपुढे परीक्षा द्या, तरच वाजवायचा परवाना. मी गेलो न्हाव्याकडे. पावेल, आमचा गाणारा, नाही गेला. परवाना नाही म्हणून तो मित्रांच्या लग्नांत गायचा. लग्नात गायला कोण अडवणार? एका लग्नात पोलीस आले. आठ महिने तुरुंग.”

“मग?”

“सुटल्यावर रस्त्यात भेटला. माझं भादरलेलं डोकं बघून म्हणाला, ‘छान दिसतोस.’ शिवी घातली असती तर बरं झालं असतं.” त्याने बटेवरून हात फिरवला. “आता वाढवलेत. पण आता अडवतंय कोण?”

धम्मशीलेची फणी थांबली. कालचा प्रसंग तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

काल विमलाबाई राहायला आल्या होत्या. इतकी वर्षं कॉव्हेंट्रीत काढलेल्या, मुलगा राकेश आता कार्डिफला म्हणून इकडे. हॉलमध्ये सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले. “जयभीम, पोरी! धम्मशीलाच ना तू? बुद्धजयंतीला आमच्याकडे कॉव्हेंट्रीला आली होतीस. खीर वाढली होतीस मला.”

शेजारी सोबत काम करणारी पुण्याची रश्मी औषधांची ट्रॉली घेऊन उभी होती.

“नमस्कार,” ती म्हणाली. “मी शीला. तुमचा काहीतरी गोंधळ होतोय, आजी.”

म्हातारीचा चेहरा एवढासा झाला. “असेल बाई. डोळे अधू झालेत,” त्या पुटपुटल्या. रश्मी बिचारी गालातल्या गालात हसून पुढे गेली. तिला कशाचाच पत्ता नव्हता. धम्मशीला मात्र बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली. बाप हयात असता तर त्याला तोंड दाखवायची सोय उरली नसती.

आज दुपारी चहाच्या वेळी ती हॉलमध्ये आली. विमलाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या आणि नेमकी रश्मी त्यांच्या शालीची घडी घालत होती. रश्मी जाईपर्यंत थांबावं, असं धम्मशीलेच्या मनात आलंच. मग तिला यारोमीरच्या त्या पांढऱ्या बटा आठवल्या. रश्मी तिथे असतानाच ती पुढे झाली.

“जयभीम, आजी,” ती म्हणाली. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. रश्मीने वर पाहिलं.

विमलाबाईंनीही पाहिलं, आधी रश्मीकडे, मग हिच्याकडे. पोर लपवतेय हे त्यांनी कालच ओळखलं होतं; आज तिच्या तोंडून चुकून निसटलं असावं, असंच त्यांना वाटलं. त्यांनी घाईघाईने हात जोडले आणि सांभाळून घेतलं.

“नमस्कार, शीला सिस्टर,” त्या मायेने म्हणाल्या. “चहात साखर जरा कमी घाल हं.”

धम्मशीलेने साखर कमी घातली.