शेवटच्या बाकावरचा माइक

मित्रांनो, माझ्या मानेवरच्या चिकटपट्टीला हसू नका. मी जुना माइक आहे. खरखरतो, मान्य. पण एकदा माझ्यामुळे अख्खं सभागृह गप्प झालं होतं.

कारखान्यातून आम्ही तीनशे भावंडं एकाच दिवशी निघालो. जिथे देशाचे कायदे होतात, तिथे आम्हाला बसवलं. पुढच्या भावांपुढे मंत्री बोलायचे. मला मिळाला शेवटचा बाक, खांबामागचा. कित्येक महिने मी नुसतं घोरणं ऐकलं!

मग तिथे सिस्टर निवडून आल्या. पंचवीस वर्षं सैनिकांच्या दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. बोलायच्या आधी माझी धूळ पदराने पुसायच्या. असं कुणी केलं नव्हतं.

शेजारच्या देशाशी भांडण पेटलं. युद्धाचा ठराव येणार होता. "आधी बोलणी करा," असं सांगत सिस्टर आठवडाभर चौकाचौकात फिरल्या. टाळ्या कमी, शिव्या जास्त मिळाल्या. आणि नेमका ठरावाच्या दिवशी त्यांचा घसा बसला.

आमच्याकडे एक पद्धत होती. सभापती विचारायचे, "ठराव मंजूर?" सगळे "होय" म्हणत बाकं बडवायचे. एकही "नाही" ऐकू आला नाही, तर ठराव तिथल्या तिथे पास. एक जरी ऐकू आला, तर एकेक कलम वाचायचं, चर्चा करायची, मग हात मोजायचे. पण बाकं वाजली की भिंतीवरचे कर्णे किंचाळायचे. म्हणून वरच्या काचेच्या खोलीतले माइकवाले काका मागचे माइक बंदच करून टाकायचे. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, कटकट नको एवढंच. पण त्यामुळे मागचा "नाही" कधी कुणी ऐकलाच नव्हता.

त्या सकाळी काका माझी सैल मान घट्ट करत होते. सिस्टर आल्या. आवाज कसाबसा फुटत होता.

"भाऊ, आज मतदानाला याला बंद करू नका."

"किंचाळतो हो तो. नियम आहे."

"नियम की सवय?"

काकांनी पेचकस खाली ठेवला. "खरं सांगू सिस्टर? माझा पोरगा सीमेवर आहे. तुम्ही इथे नाही-नाही करणार. त्याला तिकडे काय वाटेल?"

"केवढा आहे?"

"तेवीस."

"तेवीस वर्षांच्या पोरांचे पाय कापताना मी त्यांचे हात धरलेत, भाऊ. भित्री नव्हती ती. तुमच्या पोराला लढायला पाठवायचंच असेल, तर का पाठवतोय ते निदान मोठ्याने वाचलं जाऊ दे. असं बाकं बडवून नको."

काकांनी माझ्या मानेला पट्टी गुंडाळली आणि ते निघून गेले.

सभागृह खच्चून भरलं. पुढून कुणीतरी ओरडलं, "सिस्टर, घरी जा, पट्ट्या बांधा!" हशा पिकला.

"बांधल्यात. म्हणूनच आलेय," सिस्टर म्हणाल्या. ते फक्त मला ऐकू आलं.

"ठराव मंजूर?"

बाकं धडधडली. शेजारच्या भावांचे दिवे पटापट विझले. आता माझा विझणार.

नाही विझला!

मग काय, मी किंचाळलो. असा किंचाळलो की सगळ्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले. कान झाकल्यावर बाकं बडवणार कोण? काकांनी वरून आवाज हळूच उतरवला. त्या शांततेत सिस्टर म्हणाल्या,

"नाही."

चार दिवस कलमं वाचली गेली. तिसऱ्या कलमाशी सगळे अडखळले. युद्ध थांबवायचं कधी, हे ठरवणार कोण, हे लिहिलंच नव्हतं! मग मंत्र्यांच्या बाजूचेही प्रश्न विचारायला लागले.

सिस्टर हरल्याच. त्यांच्या बाजूने एकतीस हात. युद्ध झालं. पण ठरावात एक ओळ वाढली होती, दर महिन्याला सभागृहाला पुन्हा विचारायचं. चौथ्या महिन्यात हात फिरले. युद्ध थांबलं. काकांचा पोरगा परत आला.

सगळ्यांचे आले नाहीत.

पुढच्या निवडणुकीत सिस्टर पडल्या. त्यांच्या घराच्या भिंतीवर कुणीतरी "गद्दार" लिहिलं. तो शब्द पुसायला काका आणि त्यांचा पोरगा बादली घेऊन गेले होते. मी बाकं फोडणारे आवाज पुष्कळ ऐकलेत, मित्रांनो. त्या बसलेल्या घशाएवढा दमदार एकही नव्हता.

नवे माइक आले आणि मी भंगारात गेलो. काकांनी मला उचलून घरी नेलं. त्यांचा पोरगा आता शाळेत शिकवतो. मी त्याच्या टेबलावर असतो. तो विचारतो, "सगळ्यांना मान्य?" वर्ग ओरडतो, "होऽऽय!" मग तो मला उचलतो, शेवटच्या बाकावर नेऊन ठेवतो आणि थांबतो.

माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल, मित्रांनो. सगळे बाकं बडवत असतील, तेव्हा माझा दिवा तेवढा विझवू नका.