कपाळावरची गाठ

मी विभूतीची डबी बोलतेय. पितळेची, कोल्हापुरातल्या एका लिंगायत घरच्या देव्हाऱ्यातली. अक्काताईंबरोबर माहेराहून आले, तेव्हापासून त्यांची तीन बोटं मी ओळखते. आंघोळ झाली की आधी मी, मग चहा. त्यांच्या लेकीला, पवित्रालाही हेच वळण. या घरात मला मान आहे, असं मी खुळ्यासारखी समजत होते.

१९९८ साली पवित्राच्या दंडावर कातडीखाली घट्ट गाठ आली. महिन्याभरात तशीच कपाळावर. घरात स्थळं येऊ लागली होती. डॉक्टरांकडे निघताना अक्काताईंनी लेकीच्या कपाळावर विभूती नुसती लिंपली.

"दंडाचं तेवढं दाखीव. कपाळाचं बोलायचं न्हाय. बभ्रा झाला तर कोण करून घेईल तुला?"

विभूती पुसा म्हणायला डॉक्टरही कचरले असतील. दंडाची गाठ त्यांनी गळू समजून चिरली. ती जखम वर्षभर चिघळत राहिली.

कपाळावरची गाठ मात्र आपोआप बसली. अक्काताईंनी मला हात जोडले. पण जाताना ती खालची चरबी घेऊन गेली आणि कपाळाला खड्डा पडला. मग रोज सकाळी तो बुजवायचं काम माझ्याकडे आलं. भिंतीचं भोक चुन्यानं बुजवतात, तसं. मला फार लागलं ते.

२००३ मध्ये गाठ गालावर आली. गालावर विभूती लावायची रीत नाही, म्हणून मायलेकी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. मी अक्काताईंच्या पिशवीत होते. बाईंनी ओल्या कापसानं पवित्राचं कपाळ पुसलं आणि त्या थबकल्या.

"हे कधीचं?"

"पाच वर्षं झाली," पवित्रा म्हणाली आणि तिनं दंडाच्या गाठीचंही सांगितलं. बाईंनी गालाच्या गाठीचा पार चरबीपर्यंतचा तुकडा तपासायला पाठवला. निदान आलं लुपसचं, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजाराचं. त्यातलाही दुर्मीळ प्रकार, कातडीखालच्या चरबीत होणारा. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हिवतापावर देतात त्यातलीच एक गोळी त्यावर चालते.

"दंड आणि कपाळ तेव्हा एकत्र दिसलं असतं, तर संशय तेव्हाच आला असता," बाई म्हणाल्या. "हा खड्डा आता भरून यायचा नाही."

पवित्रा आईकडे वळली. "अव्वा, बोलू नगंस म्हणालीस ते कळलं हुतं, पण विभूती तू देवाचं म्हणून लावतीस असं वाटत हुतं मला. झाकत हुतीस व्हय?"

गालावरची गाठ गोळ्यांनी विरली. पवित्रा आता मोकळ्या कपाळानं फिरते. माझ्यातली विभूती जरूर लावा, पण दवाखान्यात जाताना पुसून जा, एवढंच माझं मागणं.

माझं झाकण वाजलं की पवित्रा खोलीतून उठून जाते. झाकायला वापरताना मलाही कुणी विचारलं नव्हतं, हे तिला कोण सांगणार?